ख्रिस्ती कथेतील क्षमा : तीन उदाहरणे

१

कथा शिकवून झाली की शेवटी तिचे तात्पर्य विचारावयाचे, ही आपल्या वर्गांतील जुनी रीत आहे. पंचतंत्र आणि इसापनीती यांच्या वाचनाने ती दृढ झाली, आणि त्या कथांपुरती ती योग्यही आहे. कारण त्या कथा तात्पर्यासाठीच रचलेल्या आहेत. कोल्ह्याला द्राक्षे मिळाली नाहीत, पुढे त्याचे काय झाले, असे कोणी विचारीत नाही. परंतु हीच रीत आपण धर्मभावनेतून निघालेल्या कथांना लावतो, तेव्हा मात्र त्या कथांवर अन्याय होतो. ‘अपराध्यास क्षमा करावी’ एवढे एक वाक्य फळ्यावर लिहिले जाते आणि पुस्तक मिटते. विद्यार्थी ते वाक्य उतरून घेतो आणि मनातल्या मनात विचारतो, ‘का करावी?’ या प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नसते. ते कथेत असते. पण कथा तर आपण बाजूस सारलेली असते.

प्रस्तुत लेखात ख्रिस्ती श्रद्धेच्या कक्षेतील तीन लहान कथांचा विचार करावयाचा आहे. पहिली लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त. दुसरी टॉल्स्टॉयची, ‘देव सत्य पाहतो, पण थांबतो’ या नावाने आपल्याकडे परिचित असलेली, १८७२ साली प्रसिद्ध झालेली कथा. तिसरी चेखोवची ‘विद्यार्थी’, १८९४ सालची. पहिलीत क्षमा करणारा बाप आहे. दुसरीत क्षमा करणारा मनुष्य निरपराध असून जन्मभर शिक्षा भोगलेला आहे. तिसरीत तर कोणी कोणास क्षमा करीतच नाही. तरीही ती क्षमेच्या आणि आशेच्या कथांत गणावी लागते. या तिन्ही कथा एकापुढे एक ठेवून वाचल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. क्षमा हा या कथांनी दिलेला उपदेश नाही. ती त्यांत घडणारी घटना आहे, आणि त्या घटनेची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

हा कथाप्रवाह मराठीला परका नाही. मूळच्या इंग्लंडच्या, १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूने आपले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापून प्रसिद्ध केले. धर्मतत्त्वे सांगण्यासाठी त्याने ओवी आणि पुराणकथेचा घाट निवडला. मराठी श्रोत्याच्या मनात तत्त्व शिरते ते कथेच्या वाटेने, हे त्याने अचूक ओळखले होते. बेळगाव ही ज्यांची जन्मभूमी, त्या बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) मात्र अनेक ठिकाणी वादविवाद आणि उपदेश पुढे सरतो व कथा मागे राहते. उलट लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त उपदेश जवळजवळ नाही. पतीने धर्मांतर केल्यावर आलेली ताटातूट, तो संताप, ते रडणे, आणि वर्षांनंतर पुन्हा एकत्र झालेला संसार, हे सारे त्यांनी घडले तसे, हसत हसत सांगितले आहे. आणि म्हणूनच समेट म्हणजे काय हे त्या पुस्तकातून जितके कळते तितके प्रवचनातून कळत नाही. आपल्याच वाङ्मयातील हा भेद लक्षात ठेवून त्या तीन कथांकडे वळू.

२

उधळ्या पुत्राचा दृष्टान्त इतका परिचित झाला आहे की तो कोणाला उद्देशून सांगितला, हे आपण विसरतो. जकातदार आणि पापी समजले जाणारे लोक येशूभोवती जमत. तो त्यांच्या पंक्तीला बसे. आणि याबद्दल परूशी व शास्त्री कुरकुर करीत. ही कुरकुर ऐकून येशूने लागोपाठ तीन दृष्टान्त सांगितले. पहिल्यात शंभर मेंढरांपैकी एक हरवते, दुसऱ्यात दहा नाण्यांपैकी एक, तिसऱ्यात दोन मुलांपैकी एक. हरवलेल्याचे मोल दर वेळी वाढत जाते. शिवाय पहिल्या दोहोंत मालक शोधावयास निघतो. तिसऱ्यात शोधावयास कोणीच जात नाही. मनुष्याला मेंढरासारखे खांद्यावर टाकून आणता येत नाही, त्याने आपल्या पायांनी परत यावे लागते.

धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच आपला वाटा मागतो. पूर्वेकडील कुटुंबव्यवस्थेत याचा अर्थ किती कडू होतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. तो दूरदेशी जाऊन पैसा उडवतो, दुष्काळ पडतो, आणि डुकरे चारण्याची पाळी येते. यहुदी मनुष्याला डुक्कर निषिद्ध; म्हणजे हे केवळ दारिद्र्य नव्हे, हे भ्रष्टपणाचे टोक आहे. तेथे तो शुद्धीवर येतो आणि बापापुढे काय बोलावयाचे याची जुळवाजुळव करतो. त्या भाषणाचे तीन भाग आहेत : मी पाप केले, मी पुत्र म्हणवून घेण्यास योग्य नाही, मला मोलकऱ्यासारखे ठेवा. कथेतील पहिली लक्षणीय गोष्ट येथे आहे. प्रत्यक्ष भेटीत तो पहिले दोन भाग बोलतो, तिसरा बोलण्याची संधीच त्याला मिळत नाही. बाप मध्येच गड्यांना हुकूम सोडतो : अंगरखा आणा, अंगठी आणा, पायांत जोडा घाला. चाकरीची मागणी उच्चारली जाण्यापूर्वीच पुत्रपण परत दिले जाते. क्षमा अटींची वाट पाहत नाही, हे कथेने बोलून दाखविलेले नाही. एक वाक्य अर्धवट तोडून दाखविले आहे.

या क्षमेची किंमत कोण देतो? प्रथम बाप देतो. प्रतिष्ठित वृद्ध गृहस्थ भर रस्त्यात धावत सुटतो, हे त्या समाजात शोभणारे नव्हते. पण किंमत येथे संपत नाही. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ज्येष्ठ पुत्राला दुप्पट वाटा मिळे. म्हणजे दोन भावांत धाकट्याचा हिस्सा एक तृतीयांश. तो तर त्याने उधळून टाकला. आता घरात जे उरले आहे, ते पुढेमागे थोरल्याचेच आहे. जे पुष्ट वासरू कापले गेले, ते हिशेबाने थोरल्याच्या वाट्याचे! शेतातून येताना त्याच्या कानी गाण्यानाचण्याचा आवाज पडतो, तो गड्याला कारण विचारतो, आणि रागावून उंबऱ्याबाहेर उभा राहतो. त्याचा राग आपण क्षुद्र मानतो. पण तो निराधार नाही. त्याला न विचारता त्याच्या खर्चाने क्षमा केली गेली आहे.

मग बाप दुसऱ्यांदा घराबाहेर येतो. धाकट्यासाठी जसा तो बाहेर धावला, तसाच थोरल्याची विनवणी करावयासही बाहेर आला. थोरला बोलतो तेव्हा ‘माझा भाऊ’ हा शब्द त्याच्या तोंडी येत नाही. ‘हा तुमचा मुलगा’ असे तो म्हणतो. बाप उत्तराच्या शेवटी तोच माणूस ‘हा तुझा भाऊ’ म्हणून त्याच्या हवाली करतो. येथे दृष्टान्त संपतो. थोरला आत गेला की नाही, हे सांगितलेले नाही. सांगणे शक्यही नव्हते. कारण तो थोरला भाऊ म्हणजे समोर बसून कुरकुर करणारे श्रोतेच होते, आणि त्यांनी अद्याप काही ठरविले नव्हते.

या ठिकाणी मराठी मनाला ताटीचे अभंग आठवल्यावाचून राहत नाहीत. तेथे लोकांनी दुखावलेले ज्ञानदेव ताटी लावून आत बसतात आणि धाकटी बहीण मुक्ताबाई बाहेरून विनवते. येथे दुखावलेला बाहेर आहे आणि विनवणारा आतून बाहेर आलेला आहे. दोहोंकडे प्रश्न एकच : दुखावलेल्या माणसाला पुन्हा माणसांत कसे आणावे? आपली परंपरा सांगते की ताटी उघडली. लूकाचा दृष्टान्त दार उघडे ठेवून थांबतो.

३

टॉल्स्टॉयच्या कथेचे रशियन नाव ही एक म्हण आहे. तिचा आशय असा की देवाला सत्य दिसते, पण ते तो लवकर सांगत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या मंडळींना ‘देर है, अंधेर नहीं’ ही हिंदी म्हण सहज आठवेल. पण दोहोंत एक अंतर आहे, ते कथेच्या अखेरीस कळते.

व्लादिमीर नगरातील तरुण व्यापारी अक्स्योनोव जत्रेस निघतो. आपल्या पतीने टोपी काढली तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले होते, असे स्वप्न पडले म्हणून बायको त्याला अडविते. तो हसून निघून जातो. वाटेत एका ओळखीच्या व्यापाऱ्यासह तो सराईत उतरतो, आणि पहाटेपूर्वीच गाडी जुंपून पुढे जातो. मागे त्या व्यापाऱ्याचा खून झालेला आढळतो, आणि अक्स्योनोवच्या पिशवीत रक्ताने माखलेला सुरा सापडतो. पुरावा पुरा होतो. तुरुंगात भेटावयास आलेली बायकोही शेवटी विचारते की हे तुम्ही तर केले नाही ना? या प्रश्नाने तो खचतो. सत्य केवळ देवच जाणतो, विनवणी करावयाची ती त्याच्याचपाशी, असे ठरवून तो माणसांकडे अर्ज करणे सोडून देतो. फटके खाऊन तो सैबेरियात जातो आणि तेथे सव्वीस वर्षे काढतो. केस पांढरे होतात. तो बूट शिवावयास शिकतो, मिळालेल्या पैशातून संतचरित्रांचे पुस्तक घेतो, तुरुंगाच्या देवळात वाचन करतो. कैदी त्याला आजोबा म्हणतात.

येथपर्यंतचा अक्स्योनोव पाहून कोणीही म्हणेल की हा मनुष्य क्षमाशील झाला आहे. कथेचे मर्म असे की तो तसा झालेला नाही. त्याने नशिबाला क्षमा केली आहे. कारण नशिबाला तोंड नसते. पुढे माकार सेम्योनिच नावाचा नवा कैदी येतो. बोलता बोलता तो असे काही बोलून जातो की खरा खुनी हाच, हे अक्स्योनोव ओळखतो. आता अन्यायाला चेहरा आला. त्या रात्री त्याला झोप येत नाही. निरोप देणारी बायको, लहान मुले, सराईच्या ओवरीत आनंदाने वाजविलेले ते वाद्य, फटके मारण्याची जागा, सव्वीस वर्षे, सारे डोळ्यांपुढून जाते. सूड घ्यावा असे वाटते. तो रात्रभर प्रार्थना करतो आणि शांती मिळत नाही. असे पंधरा दिवस जातात. श्रद्धेच्या कथेत प्रार्थना निष्फळ झाल्याचे इतक्या सरळपणे सांगणारे लेखक थोडे.

मग एका रात्री माकार भुयार खणताना त्याला दिसतो. दुसऱ्या दिवशी ते उघडकीस येते, आणि अधिकारी सर्वांना सोडून या सत्यवादी म्हाताऱ्याला विचारतो. सव्वीस वर्षांत प्रथमच सत्ता त्याच्या हाती आलेली आहे. एक शब्द बोलला तर माकारला मरेस्तोवर फटके बसतील. कथेतील सर्वांत दीर्घ क्षण हा आहे. ज्याने माझे आयुष्य नासविले त्याला मी का वाचवावे, असेही त्याच्या मनात येते. आणि त्याला फटके बसले म्हणून माझे काय हलके होणार, असेही येते. तो खोटे बोलत नाही. सांगण्याची देवाची इच्छा नाही, मला हवी ती शिक्षा करा, एवढेच तो म्हणतो. त्या रात्री माकार त्याच्यापाशी येतो, आपला गुन्हा कबूल करतो, जमिनीवर डोके आपटून क्षमा मागतो. अक्स्योनोव प्रथम विचारतो ते हे की आता मी जाऊ कोठे? बायको मेली, मुले मला विसरली. आणि नंतर तोही रडू लागतो. देव तुला क्षमा करील, कदाचित मीच तुझ्याहून शतपट वाईट असेन, असे तो म्हणतो. आणि म्हणताच त्याचे मन हलके होते. माकार अधिकाऱ्यांपुढे कबुली देतो. सुटकेचा हुकूम येतो तेव्हा अक्स्योनोव मेलेला असतो.

हीच कथा टॉल्स्टॉयने यापूर्वी एकदा सांगितलेली होती. ‘युद्ध आणि शांती’मध्ये प्लातोन कारातायेव हा साधा शिपाई ती पिएरला ऐकवितो. तेथे वृद्ध व्यापारी कैद्यांत बसून आपली हकीकत सांगतो, ती ऐकून खरा खुनी लगेच त्याच्या पायांवर पडतो, आणि क्षमाही तत्काळ होते. झारचा हुकूम येतो तेव्हा तेथेही व्यापारी मृत झालेला आहे. दोन रूपे ताडून पाहिली म्हणजे १८७२ साली टॉल्स्टॉयने कशाची भर घातली ते दिसते. त्याने ओळख आणि क्षमा यांच्यामध्ये ते पंधरा दिवस घातले. न मिळालेली झोप, न फळलेली प्रार्थना आणि अधिकाऱ्याचा तो प्रश्न घातला. लोककथेत क्षमा हा संतपुरुषाचा गुण होता. टॉल्स्टॉयने ती एका सामान्य माणसाची लढाई केली.

शिक्षकांना विशेष वाटावे असे आणखी एक. त्या काळात टॉल्स्टॉय शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वाचनमाला तयार करीत होता, आणि ही कथा त्याने तिच्यात घातली. म्हणजे ही मुळातच शाळेच्या पुस्तकातील कथा आहे, आणि तरीही तिच्या शेवटी तात्पर्य नाही. पुढे १८९७-९८ मध्ये ‘कला म्हणजे काय?’ या ग्रंथात, जो साने गुरुजींनी मराठीत आणला, त्याने आपले जवळजवळ सारे ललित लेखन हीन ठरविले. अपवाद केला तो दोन कथांचा, आणि त्यांतली एक ही. ‘ॲना कारेनिना’ ज्याने नाकारली त्याने ही लहानशी कथा राखली. त्याचा तो निवाडा आपण मान्य केला पाहिजे असे नाही. पण ही कथा त्याला किती जवळची होती हे त्यावरून कळते.

आता त्या म्हणीकडे परत येऊ. ‘देर है, अंधेर नहीं’ म्हणणाऱ्याला शेवटी न्याय मिळालेला पाहावयाचा असतो. टॉल्स्टॉयच्या कथेत न्यायाचा कागद येतो तो प्रेतापाशी. सव्वीस वर्षे परत येत नाहीत. मग आशा कोठे राहिली? ती हुकुमाच्या कागदात नाही. हुकूम येण्यापूर्वीच त्या म्हाताऱ्याची घराची ओढ सुटली होती आणि त्याचे मन मोकळे झाले होते, त्यात ती आहे. ही आशा समाधानकारक आहे काय, असे विद्यार्थी विचारील. हा प्रश्न खरा आहे, आणि तो विचारला जावा म्हणूनच कथा अशी संपते.

४

चेखोवची ‘विद्यार्थी’ ही कथा जेमतेम चार पानांची आहे. चेखोव पेशाने डॉक्टर. धर्मोपदेशक म्हणून त्याला कोणीच ओळखत नाही. तरीही त्याच्या साऱ्या कथांत ही त्याला विशेष आवडे, असे त्याच्या निकटवर्तीयांनी नमूद केले आहे.

गुड फ्रायडेची संध्याकाळ. इव्हान वेलिकोपोल्स्की हा धर्मशाळेतील विद्यार्थी शिकारीहून घरी परतत आहे. थंडी अवचित परत फिरली आहे. उपासाचा दिवस म्हणून घरी चूल पेटलेली नाही. पोटात भूक आहे. त्याला वाटते की असाच वारा प्राचीन राजांच्या काळी वाहत होता, अशीच उपासमार, असेच अज्ञान तेव्हाही होते, आणि आणखी हजार वर्षे गेली तरी काही सुधारणार नाही. श्रद्धेचे शिक्षण घेणारा तरुण त्या दिवशी पूर्ण निराश आहे.

वाटेत दोन विधवांच्या मळ्यात शेकोटी पेटलेली दिसते. म्हातारी वासिलिसा मोठ्या घरांत दाईचे काम केलेली, बोलण्याचालण्यात सुसंस्कृत. तिची मुलगी लुकेर्या नवऱ्याच्या माराने बधिर झालेली, मुकाट बसलेली. विद्यार्थी शेकोटीपाशी हात शेकतो आणि म्हणतो की अशाच थंड रात्री प्रेषित पेत्रही विस्तवापाशी शेकत उभा होता. मग तो ती कथा सांगतो. येशूला पकडून नेले आहे. ज्याने मरणापर्यंत साथ देण्याची शपथ घेतली तो पेत्र प्रमुख याजकाच्या अंगणात उभा राहून, मी या माणसाला ओळखत नाही, असे तीनदा सांगतो. कोंबडा आरवतो. पेत्र बाहेर जाऊन रडतो. कथा संपते न संपते तोच हसऱ्या चेहऱ्याच्या वासिलिसाच्या गालांवरून आसवे ओघळू लागतात, आणि लुकेर्याच्या मुद्रेवर, मोठी वेदना दाबून धरणाऱ्या माणसाच्या मुद्रेवर येतो तसा ताण दिसतो.

एवढेच घडते. विद्यार्थी निरोप घेऊन अंधारातून पुढे जातो, आणि चालता चालता त्याला सुचते की ही म्हातारी रडली ती माझ्या सांगण्याच्या कौशल्यामुळे नव्हे. एकोणीस शतकांपूर्वीच्या त्या माणसाच्या मनात काय चालले होते, त्याच्याशी हिचे काही नाते आहे. भूतकाळ आणि वर्तमान ही जणू एकच साखळी असून तिचे एक टोक हलविले आणि दुसरे थरथरले, असे त्याला वाटते. ज्या विचाराने तो तासापूर्वी निराश झाला होता, तोच विचार आता आनंदाचा होतो. सारे पूर्वीसारखेच आहे हे खरे. पण दारिद्र्य आणि थंडीच तेवढी सारखी राहिलेली नाहीत, पश्चात्ताप आणि करुणाही तशीच राहिली आहे.

या कथेत क्षमा कोठे आहे? शब्दात कोठेच नाही. पेत्राचे अश्रू येथे क्षमेवाचूनच राहतात. विद्यार्थी पुढचे सांगत नाही. पण ज्याला योहानकृत शुभवर्तमान ठाऊक आहे त्याला पुढचे ठाऊक आहे. तेथे पेत्राने नाकारले तेव्हाही निखाऱ्यांचा विस्तव होता, आणि नंतर सरोवराच्या काठी पहाटे पुन्हा निखारेच पेटलेले असतात. तेथे पेत्राला तीनदा विचारले जाते की तुझी माझ्यावर प्रीती आहे काय. तीन नकारांना तीन होकारांची संधी मिळते. चेखोव हा दुसरा विस्तव दाखवीत नाही. तो फक्त पहिल्याची ऊब आपल्यापर्यंत आणतो. आणि आनंदाच्या त्या भरात, हा तरुण अवघा बावीस वर्षांचा होता, अशी आठवणही करून देतो. आशा खरी आहे, पण ती तरुणपणाचीही असू शकेल. लेखक तिची ग्वाही देत नाही आणि तिला हसतही नाही.

५

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना तेज आणि धृती यांच्या शेजारी क्षमा येते, आणि ज्ञानदेवांनी तिचे विवरण केले आहे. तेथे क्षमा हा एका व्यक्तीच्या ठिकाणी वसणारा गुण आहे. वर पाहिलेल्या कथांत ती दोन माणसांमधील प्रसंग आहे. कोणते श्रेष्ठ, हा वाद येथे करावयाचा नाही. गुणाचे वर्णन करता येते. प्रसंग मात्र सांगावा लागतो. क्षमेच्या विचाराला कथेची गरज का पडली, याचे उत्तर मला येथे दिसते.

तिन्ही कथांत आणखी एक गोष्ट समान आहे, आणि शिक्षकाने ती दृष्टिआड होऊ देऊ नये. जो दुखावला गेला आहे त्याला क्षमा करण्याची आज्ञा कोणी देत नाही. थोरल्या मुलाला बाप विनवतो, दरडावीत नाही. अक्स्योनोवला उपदेश करावयास तुरुंगात कोणी पुरोहित येत नाही. आणि मार खाल्लेल्या लुकेर्याला, तू नवऱ्याला क्षमा कर, असे चेखोवच्या कथेत कोणीही सुचवीत नाही. तिच्यापुढे केवळ एक अपराधी मनुष्य पश्चात्तापाने रडताना उभा केला जातो. क्षमेचा उपदेश पुष्कळदा सोसणाऱ्यालाच केला जातो, आणि अन्याय करणारा मोकळा सुटतो. या कथांचा रोख तसा नाही. टॉल्स्टॉयच्या कथेत क्षमा झाल्यावरच माकार कबुली देतो. म्हणजे क्षमेने सत्य झाकले गेले नाही, उघड झाले. वर्गात बसलेल्या चाळीस मुलांपैकी कोणाच्या घरी काय सोसले जात आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. त्यांच्यापुढे क्षमेचे तात्पर्य लिहिताना हात थोडा आखडला पाहिजे.

मग या कथा शिकवाव्या कशा? माझी सूचना साधी आहे. प्रत्येक कथेत एके ठिकाणी थांबावे. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात थोरला मुलगा दाराबाहेर उभा असतो तेथे थांबावे, आणि त्याची बाजू विद्यार्थ्यांकडूनच मांडून घ्यावी. ती मांडता येण्याजोगी आहे हे त्यांना दिसू द्यावे. टॉल्स्टॉयच्या कथेत अधिकारी प्रश्न विचारतो तेथे पुस्तक मिटावे, आणि अक्स्योनोवच्या मनात कोणकोणते विचार आले असतील ते लिहावयास सांगावे. चेखोवच्या कथेत म्हातारी रडते तेथे थांबून एवढेच विचारावे की ती का रडली. लेखकाने कारण दिलेले नाही. विद्यार्थ्याने दिलेले कारण हे त्याचे अनुमान आहे, आणि तो तरुण, भुकेला व थंडीने गारठलेला आहे.

वर्गात निरनिराळ्या धर्मांची मुले असतात. ही ख्रिस्ती श्रद्धेची कथा आहे, हे त्यांच्यापासून लपवू नये, आणि तिचा प्रचार वा खंडनही करू नये. गोव्यात एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाच्या घरी पेत्राची कथा आजीने सांगितलेली असेल आणि दुसऱ्याच्या घरी ताटीच्या अभंगांची. दोघांनी आपापली कथा सांगितली तर तास वाया गेला असे होणार नाही.

उत्तरे निरनिराळी येतील. कोणी म्हणेल, थोरला शेवटी आत गेला. कोणी म्हणेल, मी असतो तर गेलो नसतो. दुसरे उत्तर देणाऱ्या मुलाला चुकीचे ठरविण्याची घाई करू नये. त्याने कथा नीट वाचली आहे. तो अजून दाराशी उभा आहे एवढेच, आणि दृष्टान्तातही बाप त्याच्याशी बोलतच आहे.